पाच पेट्या, पंचवीस वर्षे

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या अप्रकाशित लिखाणाच्या पेट्या कोर्टाच्या ताब्यात गेल्या, पुढे ॲडमिनिस्ट्रेटर जनरलच्या कचेरीत आल्या आणि महाराष्ट्र शासनाच्या हाती पडल्या त्या थेट १९८१ साली. पंचवीस वर्षे! पाच लोखंडी पेट्यांत आमचे विचारधन कुलूपबंद होते आणि बाहेर आम्ही जयंतीच्या मिरवणुका काढीत होतो.

कायद्याच्या भाषेत यात कोणाची चूक दाखवता येणार नाही. वारसांचा हक्क ठरेपर्यंत मिळकत जशीच्या तशी ठेवणे, एवढेच ताबेदाराचे काम. पण ताबेदार कुलूप सांभाळतो, कागद नव्हे. आणि वाळवी वारसा दाखल्याची वाट पाहत नाही. नागपूरचे ॲड. जे. बी. बनसोड हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेले. हे लिखाण मला छापू द्या, नाहीतर शासनाला छापायला सांगा, एवढीच त्यांची मागणी. ते प्रकरण कित्येक वर्षे प्रलंबित राहिले. शेवटी वसंत मून यांनी वारसांची संमती मिळविली, तेव्हा कुठे पेट्या उघडल्या. १९८७ साली चौथा खंड निघाला तेव्हा 'रिडल्स इन हिंदुइझम'ची अंतिम प्रत हाती नव्हती. सुटी प्रकरणे जुळवावी लागली. त्या खंडावर थयथयाट करणारांची चर्चा खूप झाली. न सापडलेल्या पानांची कोणी केली?

कपडे, टंकलेखन यंत्र, रोजच्या वापरातील वस्तू टिकल्या त्या माणसांमुळे. नानकचंद रत्तूंनी जपलेल्या वस्तू वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या आणि नागपूरजवळच्या चिचोलीत राहिल्या. माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आहेत. दादरचे राजगृह आहेच. वस्तू विखुरल्या म्हणून मला दुःख नाही. जुलै २०२० मध्ये राजगृहाच्या आवारात समाजकंटकांनी तोडफोड केली, तेव्हा सारे एकाच छपराखाली असणे किती धोक्याचे, हे आपण पाहिले. पण या सर्व ठिकाणच्या वस्तूंची मिळून एक यादी समाजाला पाहता येते काय? मालकी ज्याची त्याची राहू द्या. यादी आणि कागदांच्या छायाप्रती मात्र एकाहून अधिक ठिकाणी हव्यात. यासाठी गटातटांनी एकत्र बसायला कोणती अडचण आहे?

आणि हे फक्त आंबेडकर घराण्यापुरते नाही. दीक्षा सोहळ्याचा फोटो, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची पावती, आजोबांना आलेले पत्र तुमच्याही ट्रंकेत असेल. त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. जयंतीला ओला हार घालायचा तो नव्या प्रतीला घाला, मूळ फोटोला नको. संस्थेला देणार असाल तर काय दिले, मूळ की प्रत, कोणत्या अटीवर, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. समोरचा आपलाच माणूस असला तरी घ्या.