मिलवॉकीचा ‘जर्मनपणा’ आणि उदारमतवाद्यांचे उसासे

अमेरिकेतील मिलवॉकी शहराविषयी लिहिताना उदारमतवादी लेखक एक ठरावीक उसासा टाकतात: पहिल्या महायुद्धाच्या उन्मादात तेथील जर्मन संस्कृती बळी पडली. हे अर्धसत्य आहे, आणि सोयीस्कर अर्धसत्य आहे.

मुळात ‘जर्मन संस्कृती’ नावाची एकसंध वस्तू त्या शहरात कधी नव्हतीच. १९०० च्या सुमारास निम्म्याहून अधिक वस्ती जर्मन वंशाची होती हे खरे. परंतु भाषा एक म्हणून हितसंबंध एक होत नाहीत. १८४८ ची क्रांती फसल्यावर परागंदा झालेल्यांचा वारसा सांगणारी ‘टुर्नफेराइन’ ही व्यायाममंडळे एका बाजूला होती. मिलवॉकीतले मंडळ १८५३ चे. आपल्याकडच्या तालमीची आठवण होईल. पण तेथे कसरतीबरोबर व्याख्याने, नाटके आणि राजकीय वादही रंगत. या मंडळांच्या देशव्यापी संघाने आरंभी ‘समाजवादी’ हे विशेषण आपल्या नावातच धारण केले होते. गुलामगिरीला त्याने विरोध केला, आणि १८६१ मध्ये लिंकन यांच्या शपथविधीच्या वेळी टर्नर संरक्षणास उभे राहिले.

दुसऱ्या बाजूला बिअरचे कारखानदार. त्यांतील पाब्स्ट यांनी १८९५ मध्ये जर्मन नाटकांसाठी भव्य नाट्यगृह बांधले. ‘डॉयचर क्लब’ तर एका दिवंगत बँकमालकाच्या प्रासादात थाटला गेला. भट्टीवरचा कामगार त्या दिवाणखान्यात पाहुणा म्हणून शिरला असेल, असे मानण्यास फार मोठी श्रद्धा लागते!

या दुभंगातूनच व्हिक्टर बर्गर यांचे राजकारण उभे राहिले. ते शिक्षक, टर्नर आणि जर्मन वृत्तपत्राचे संपादक. पक्ष व कामगार संघटना यांची त्यांनी सांगड घातली. १९१० मध्ये एमिल सायडेल समाजवादी महापौर झाले, आणि त्याच वर्षी बर्गर काँग्रेसवर निवडून गेले.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. धनिकांच्या क्लबाने ‘विस्कॉन्सिन क्लब’ असे नाव घेतले आणि मेजवान्या चालू राहिल्या. बर्गर यांना अशी सोय नव्हती. त्यांच्या ‘मिलवॉकी लीडर’ या इंग्रजी दैनिकाची टपाल सवलत १९१७ मध्येच काढून घेण्यात आली. १९१९ मध्ये त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. निवडून येऊनही प्रतिनिधिगृहाने त्यांना आसन नाकारले. मतदारांनी पुन्हा निवडले, पुन्हा नाकारले.

यावर आक्षेप येईल की, युद्धारंभी काही जर्मन संस्था कैसरचे गोडवे गात होत्या. गात होत्याच, त्यांचे समर्थन करण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु अपराध जर्मनपणाचा असता, तर इंडियानात जन्मलेल्या यूजीन डेब्स यांना एका युद्धविरोधी भाषणासाठी १९१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा का व्हावी? ते तर फ्रेंच आल्सेसमधून आलेल्या आईबापांचे पुत्र!

१९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बर्गर यांची शिक्षा रद्द केली. १९२२ मध्ये मिलवॉकीने त्यांनाच पुन्हा निवडून दिले, आणि या वेळी त्यांना आसन मिळाले. १९१६ मध्ये निवडून आलेले समाजवादी महापौर डॅनियल होन १९४० पर्यंत पदावर होते. मेलेल्या संस्कृतीच्या शोकगीतात या निवडणुका का गाळल्या जातात, याचे उत्तर उसासे टाकणाऱ्यांनीच द्यावे.