एक मूल आणि अनेक तज्ज्ञ

कोलकात्याच्या उत्तरेस, बॅरकपूर ट्रंक रोडवर, बोनहुगळी म्हणून एक भाग आहे. तेथे एकाच आवारात तीन राष्ट्रीय संस्थांचे काम चालते : १९७८ साली स्थापन झालेली हालचालींच्या अपंगत्वासंबंधीची संस्था, सिकंदराबादच्या बौद्धिक अपंगत्वविषयक संस्थेचे विभागीय केंद्र आणि श्रवण व वाचा हा विषय असलेल्या मुंबईच्या अली यावर जंग संस्थेचे पूर्व विभागीय केंद्र. अपंग मुलाच्या आईबापांस ही सोय मोठीच होय. परंतु तीन दारे जवळ असणे निराळे आणि दारांआडच्या तज्ज्ञांनी एका मुलाविषयी एकत्र बसून बोलणे निराळे. कोणत्याही शहरात ही दुसरी गोष्ट अधिक अवघड असते, आणि स्वमग्न मुलाचे शिक्षण तर तिच्यावाचून पुढे सरकत नाही.

‘स्वमग्न’ हा आपला शब्द तसा फसवा आहे. तो ऐकताच एखादा ध्यानस्थ मुनी डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ह्या मुलास आसपासचे आवाज, स्पर्श, माणसांचे बोलणे हे सर्व इतरांहून वेगळ्या रीतीने जाणवते, आणि आपणांस काय हवे हे सांगणे त्यास जड जाते. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून वैद्यकास ही अवस्था परिचित आहे. आपल्या देशात २००९ साली तयार झालेल्या मोजपट्टीत ४० बाबी असून त्या सहा क्षेत्रांत विभागल्या आहेत : सामाजिक संबंध, भावना, भाषा, वर्तन, इंद्रियसंवेदना आणि आकलन. इतकी क्षेत्रे एकट्या तज्ज्ञाच्या हाती कशी मावावीत?

उपचार आणि शिक्षण एका छपराखाली आणण्याचा एक मोठा प्रयत्न ह्याच दोन शहरांत झाला. कोलकात्यात जन्मलेल्या मेंदूच्या पक्षाघातग्रस्त कन्येच्या आई, मिठू अलूर, ह्यांनी १९७२ साली मुंबईस संस्था काढली. १९७४ साली सुधा कौल ह्यांच्या पुढाकाराने कोलकात्यातही तसे कार्य सुरू झाले. तीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी. ही मुले निराळ्या प्रकारची खरी, परंतु बोलता न येणाऱ्या मुलास चित्रफलकाच्या साहाय्याने बोलते करण्याची जी विद्या त्या संस्थेने जोपासली, ती स्वमग्न मुलांच्याही उपयोगी पडते.

आता असे समजा, की आठ वर्षांचा एक मुलगा मधल्या सुटीत रोज किंचाळतो. वर्गशिक्षिका म्हणते, हट्टी आहे. वाचा-उपचारक म्हणतात, ‘मला जाऊ द्या’ हे त्यास सांगता येत नाही. व्यवसायोपचारतज्ज्ञांस वाटते, पन्नास डब्यांचा खणखणाट त्यास असह्य होतो. आणि आई सांगते, घरीही कुकरची शिट्टी झाली की तो असाच कान झाकून घेतो. चौघे चार ठिकाणी असली, तर आईच्या हाती चार प्रकारचा गृहपाठ येतो आणि मुलगा किंचाळतच राहतो. तीच चौघे अर्धा तास एकत्र बसली, तर एक चित्र ठरते : दाराचे. ते दाखविले की त्यास व्हरांड्यात बसून जेवू द्यावयाचे. शाळेत तेच चित्र, घरीही तेच. महिन्याने काय फरक पडला ते पुन्हा पाहावयाचे. ह्यात आईचे निरीक्षण तज्ज्ञांच्या मताइतकेच मोलाचे. ती केवळ सूचना ऐकण्यासाठी बैठकीस आलेली नसते.

भाषेचा प्रश्नही असाच. नोकरीनिमित्त कोलकात्यास गेलेले मराठी कुटुंब घ्या. घरी मराठी, रस्त्यावर बंगाली, शाळेत इंग्रजी. कोणी म्हणते, मूल गोंधळेल, घरीही इंग्रजीच बोला. मग आजी नातवाशी मुकी होते, आणि आई ज्या भाषेत कधी रागावली नाही की लाडावली नाही, त्या भाषेत त्यास निजवू लागते. वस्तुतः अनेक भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. घरची भाषा सोडावयाची की नाही, हे कोणा एका तज्ज्ञाने जाता जाता सांगण्याजोगे नव्हे. शिक्षिका, उपचारक आणि घरची माणसे ह्यांनी मिळून ते ठरवावे.

२०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा शाळेकडे ह्या बैठकीची मागणी करण्यास पालकांनी संकोचू नये. कोलकात्यात पालकांनीच उभारलेली ऑटिझम सोसायटी वेस्ट बेंगाल ही संस्थाही आहे. सर्वांस एकत्र बसणे जमत नसेल, तर दोनशे पानांची एक वही घ्यावी. ती मुलाच्या दप्तरात राहावी. शिक्षिकेने, उपचारकांनी आणि घरच्यांनी तिच्यातच लिहावे, निराळे कागद करू नयेत. आज कोणते चित्र वापरले, मूल केव्हा शांत झाले, काय मुळीच जमले नाही, इतके पुरे. आणि सर्वांनी ते आईस वाचता येईल अशा भाषेत लिहावे.