तळ्याकाठचं गाव, वाघाचा शेजार



परीक्षा संपली, दप्तरं माळ्यावर गेली आणि आता घरोघरी एकच प्रश्न : सुट्टीत जायचं कुठं? एका मे महिन्यात मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीला जाऊन राहिले होते, त्याची गोष्ट आज सांगते.

"बाप रे! मे महिन्यात चंद्रपूर?" असं तुमची आई नक्की म्हणणार. खरं आहे. तिथं पारा पंचेचाळिशी सहज गाठतो. म्हणून तर विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. पण उन्हात रानातले ओढे आटतात आणि वाघ पाणवठ्यावर येतात, त्यामुळे पर्यटकही नेमके तेव्हाच येतात.

मोहर्ली हे ताडोबाच्या जंगलाचं एक प्रवेशद्वार. १९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गावाजवळच इरई धरणाचं पाणी पसरलेलं आहे. संध्याकाळी काठावर बसलं की टिटवीखेरीज कुणाचा आवाज नाही. हेच पाणी चंद्रपूरच्या वीज केंद्राला जातं. तिथं त्याची वाफ होते, वाफेवर यंत्रं फिरतात आणि वीज तयार होते. म्हणजे तुमच्या घरातल्या दिव्याशीही या तळ्याचं नातं असू शकतं बरं का!

पहिल्याच पहाटे मी जिप्सीची वाट पाहत उभी होते. अजून नीट उजाडलं नव्हतं. तेवढ्यात सात-आठ बायका गावालगतच्या रानाकडं निघालेल्या दिसल्या. त्यांच्यात तुमच्याच वयाची एक मुलगी. हातात पाण्याची बाटली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली.

"कुठं गं निघालीस?"

"तेंदूपत्त्याले."

तेंदूची पानं म्हणजे विडीची पानं. ती उन्हाळ्यातच तोडतात. सकाळी तोडून आणायची, दुपारी घरातल्या सगळ्यांनी सावलीत बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि मग फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागेवर, नेऊन द्यायचा. वर्षाच्या बी-बियाण्याला आणि वह्या-पुस्तकांना त्याच पैशाचा आधार.

"वाघाचं भेव नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना! म्हून तं आमी मोठ्यानं गोष्टी करत जातो. आवाज आयकला का वाघ बाजूले होते."

ती हसून निघून गेली. मी मात्र गप्प झाले. ज्याला पाहायला मी पैसे भरून, उघड्या का होईना पण गाडीत बसून निघाले होते, त्याच्याच रानात ती पायी चालली होती.

तिची भीती खोटी नव्हती. १० मे २०२५ रोजी याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. पानं तोडताना माणूस वाकलेला असतो. झुडपाआडून वाघाला तो चार पायांचं जनावर वाटतो, असं जाणकार सांगतात. म्हणून तिथं एकट्यानं जायचं नाही, अंधारात जायचं नाही आणि गप्प राहायचं नाही.

गंमत म्हणजे ताडोबा हे नावही अशाच एका गोष्टीतून आलेलं आहे. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, अशी तिथली कथा आहे. ताडोबा तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे. गोंड लोक त्याला देव मानतात, पण म्हणून वाघाला कुणी वैरी म्हणत नाहीत.

मला त्या सकाळी वाघ दिसला नाही. गाडीतला एक मुलगा रुसून म्हणाला, "पैसे वाया गेले!" परतताना गावाजवळ त्या बायका दिसल्या. डोक्यावर पानांची ओझी, आणि बोलणं अजून चालूच! मी एक-दोन-तीन करत डोकी मोजली. सगळ्या परत आल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तर दोस्तांनो, तुम्ही रानाकडं गेलात की वाघ जरूर पाहा. पण वाघाशेजारी राहणाऱ्या एखाद्या मुलाशी दोन शब्द बोलून या, आणि तो काय म्हणाला ते मला पत्रानं कळवा. वाट पाहते हं!