काळजाची चिठ्ठी, मूत्रपिंडाच्या नावे

मंडळी, या वेळचा विषय तुमच्यापैकीच एकीने दिला. तिने आजोबांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मला पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, आजोबांच्या पायांवर सूज आहे, जिना चढताना धाप लागते. एनटी-प्रोबीएनपी 2150 आलंय आणि बाजूला नॉर्मल 125 पर्यंत छापलंय. सतरा पट! काय करायचं?" डॉक्टरांकडे कधी जायचं ते फोनवर सांगून झालं. पण हा आकडा मोजतो तरी काय, हे अनेक घरांत कुणालाच माहीत नसतं, म्हणून आज तेच.

हृदय म्हणजे पंप, हे आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. हृदय ही एक ग्रंथीसुद्धा आहे. 1956 मध्ये संशोधकांनी कुत्र्याच्या हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात छोटा फुगा फुगवून पाहिला, तर लघवी वाढली. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या वरच्या कप्प्यांच्या स्नायूंत बारीक कण दिसले, अगदी हार्मोन साठवणाऱ्या ग्रंथीत असतात तसे. कोडं सुटायला पंचवीस वर्षं गेली. अर्जेंटिनात जन्मलेले आणि कॅनडातल्या किंग्स्टन इथे काम करणारे अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांत लघवी आणि त्यातून जाणारं मीठ कित्येक पट वाढलं, रक्तदाब उतरला. खालच्या कप्प्यांच्या अर्काने असं काही झालं नाही. हे 1981 मध्ये छापून आलं. तो पदार्थ म्हणजे एएनपी, 28 अमिनो आम्लांची एक छोटीशी माळ. अशा माळेला पेप्टाइड म्हणतात.

तर ही माळ म्हणजे हृदयाने लिहिलेली चिठ्ठी. रक्त जास्त झालं की वरचा कप्पा ताणला जातो, आणि चिठ्ठी सुटते. मजकूर साधा: "भार फार झालाय, जरा कमी करा." रक्तवाहिन्या ती वाचून सैल होतात, दाब उतरतो. मूत्रपिंडात मात्र काम जास्त नजाकतीचं आहे. तिथल्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि नेणारी दुसरी. एएनपी आणणारी नळी रुंद करतं आणि नेणारी आवळतं. बागेच्या पाइपाचं तोंड बोटाने दाबून नळ मोठा सोडला तर काय होतं? आत दाब वाढतो. तसंच इथे, गाळण वाढते. शिवाय पुढच्या नळ्यांमध्ये मीठ परत शोषून घेण्याचं काम मंदावतं, आणि मीठ धरून ठेवायला सांगणारी रेनिन व अल्डोस्टेरॉन ही मंडळी गप्प बसवली जातात. मीठ गेलं की त्याच्या मागे पाणी जातं.

पोहायला उतरल्यावर थोड्या वेळाने लघवीला लागते ना? पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, वरचे कप्पे ताणतात, आणि चिठ्ठी निघते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यातही हिचा हात असतो. घरी सगळे साखरेला नाहीतर प्रोस्टेटला दोष देत बसतात. बाबा असे घोरत असतील तर डॉक्टरांना हे नक्की सांगा, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आता रिपोर्टकडे. 1988 मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत याच घराण्यातलं दुसरं पेप्टाइड सापडलं, म्हणून नावात ब्रेनचा बी आला. पुढे कळलं की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतच बनतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हे बीएनपी तयार होताना मूळ माळेचा एक तुकडा कापला जातो, तो एनटी-प्रोबीएनपी. चिठ्ठी काढल्यावर उरलेला लिफाफाच म्हणा. तो स्वतः काही करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून लॅब तो मोजते. एकक पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तेव्हा "सतरा पट" वाचून हृदय सतरा पट बिघडलं असं समजू नका. वय वाढलं, मूत्रपिंड मंदावलं, ठोके अनियमित असले तरी आकडा चढतो. लठ्ठ माणसात उलट तो कमी दिसतो, आणि तिथे फसायला होतं.

हुशार वाचक विचारेल, चिठ्ठ्या एवढ्या सुटतात तर सूज का उतरत नाही? कारण हृदय थकलं की शरीराला रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला वाटतं पाणीच कमी पडलंय, आणि मीठ धरून ठेवणारे हार्मोन आरडाओरडा सुरू करतात. त्या गोंगाटात चिठ्ठी वाचतो कोण! मग बीएनपी बाटलीतूनच द्यावं, असाही प्रयत्न झाला. नेसिरिटाइड नावाने ते औषध आलं, पण 2011 मध्ये सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मृत्यू किंवा पुन्हा भरती होणं काही कमी झालं नाही. चाललं ते दुसरंच. या चिठ्ठ्या फाडणारं नेप्रिलायसिन नावाचं एक विकर शरीरात असतं. सॅक्युबिट्रिल त्याला अडवतं, सोबतचं वल्सार्टन गोंगाट कमी करतं. 2014 च्या मोठ्या चाचणीत या जोडगोळीने जुन्या एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी कमी केलं. मात्र एनालाप्रिलसारखी गोळी आणि ही जोडगोळी एकत्र घ्यायची नाही, चेहरा आणि घसा धोकादायक सुजू शकतो. आजोबांच्या डब्यात जुनी पट्टी उरलीय का, ते नातवंडांनीच तपासावं.

आपल्या इंदूरच्या घरात आणखी एक अडचण. पोह्यांवर सेव, सेवेवर जीरावन, जेवताना पापड-लोणचं. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चमचा, आणि इथे तो न्याहारीतच संपत येतो. गुडघेदुखीच्या गोळ्याही मीठ धरून ठेवतात, त्या मनाने घेऊ देऊ नका. रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीआधी वजन लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री झोपेत धाप लागून उठून बसावं लागलं तर सकाळची वाट पाहू नका.

आणि हो, लग्नसराई येतेय. कार्यालयात सारखं उठावं लागेल म्हणून लघवीची गोळी गुपचूप चुकवणारे आजी-आजोबा मी चाळीस वर्षं पाहतोय. दोन दिवसांनी धाप लागते आणि दवाखाना गाठावा लागतो. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून पुढे-मागे करता येते. कार्यालयात बाथरूम कुठे आहे ते आधी बघून, त्याच्या जवळची खुर्ची धरून ठेवायचं काम तुमचं.