बर्फाच्या पेटीची नळी

विलायती शिडाच्या नौकांत शिधा राखण्यास बर्फाची पेटी असते. तिच्या नळीकडे मात्र कोणी पाहत नाहीं. बर्फाच्या पाण्यांत सांडलेलें दूध, मासळीचा अंश मिसळून तें नौकेच्या तळांत उतरलें, कीं तेथें कुजूं लागतें. बंद खोलींत तो दर्प आणि वर लाटांचे हेलकावे! पोटांतलें पोटांत राहील कसें?

तें पाणी निराळ्या भांड्यांत घेऊन पंपानें बाहेर टाकावें. नळीस वळसा देऊन त्यांत पाणी साचूं द्यावें; एरवीं थंड हवा जड, तीहि त्याच वाटेनें निसटते. पाणी राखण्याचा लोभ व्यर्थ होय. एक ग्रॅम बर्फ वितळतांना ८० कॅलरी उष्णता शोषतो. तेंच पाणी १० अंशांपर्यंत तापतांना अवघ्या १०. नळीच्या तोंडावरील जाळी मात्र वरचेवर धुवावी.