क्रूसोचे बेट आणि छिटाचा झगा

अर्थशास्त्राच्या पुस्तकांना रॉबिन्सन क्रूसो नेहमीच सोयीचा वाटत आला आहे. निर्जन बेटावरचा एकटा माणूस. स्वतःच राबणारा, स्वतःच हिशेब ठेवणारा, स्वतःच उपभोगणारा. डॅनियल डिफोची ही कादंबरी एप्रिल १७१९मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समधले विणकर रस्त्यावर उतरले आणि छिटाचे झगे घातलेल्या स्त्रियांचे कपडे त्यांनी अंगावरच फाडले. त्या काळाचे अर्थकारण बेटापेक्षा या रस्त्यावर अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

हे कापड ईस्ट इंडिया कंपनी भारतातून नेत असे. हलके, पक्क्या रंगाचे आणि रेशमाहून स्वस्त असे छीट मोलकरणीच्याही अंगावर दिसू लागले. १७०१पासून इंग्लंडमध्ये वापरासाठी छापील भारतीय कापड आणण्यास बंदी आली. तेव्हा कोरे कापड आणून ते तिथेच छापले जाऊ लागले. अखेर १७२१च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. डिफोने विणकरांची बाजू घेऊन ‘द मॅन्युफॅक्चरर’ हे नियतकालिक लिहिले होते.

इतिहासकार यान द व्रीस यांनी या काळाविषयी ‘उद्यमशीलतेची क्रांती’ ही कल्पना मांडली. यंत्रे येण्यापूर्वीच वायव्य युरोपातली कुटुंबे, त्यांतही बायका-मुले, बाजारासाठी अधिक राबू लागली, कारण नव्या वस्तू त्यांना हव्याशा वाटत होत्या. उपभोगाला श्रमाशी जोडणारी ही कल्पना मोलाची आहे. तरी ‘कुटुंबाची निवड’ हा शब्दप्रयोग फार गुळगुळीत वाटतो. बाईने काय ल्यावे यावर घराबाहेरचेही हक्क सांगत होते. विणकरांची उपासमार खरी होती. तिची किंमत मात्र वाटेवरच्या बाईकडून वसूल झाली.

डिफोच्याच १७२२च्या ‘मॉल फ्लँडर्स’मधली नायिका पकडली जाते ती रेशमी कापडाचे दोन तागे चोरताना, आणि फाशीची शिक्षा ऐकते. गरजेपोटी सुरू झालेली तिची चोरी गरज सरल्यावरही थांबत नाही. वस्तूंच्या ज्या ओढीला पत्रकार डिफो दोष देतो, ती कादंबरीकार डिफोने आतून जाणली आहे.

क्रूसोचे बेटही बाजाराबाहेर नाही. त्याचे जहाज फुटते ते गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला निघालेले असताना. म्हणून वर्गात क्रूसोच्या शेजारी मॉलला बसवावे. एकट्या माणसाच्या हिशेबवहीत जे राबणारे आणि हवेसे वाटणारे हात दिसत नाहीत, ते तिच्या गाठोड्यात सापडतात.