पंधरा दिवसांची सेवा

परदेशातले ख्रिस्ती गट आठ-पंधरा दिवसांसाठी गरीब देशांत येतात, वस्तीतल्या मुलांना गाणी शिकवतात, शाळेच्या भिंती रंगवतात, औषधे वाटतात आणि परत जातात. अशा सेवायात्रांचा विषय सुरतेत निघाला की दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सगळे धर्मांतराचे आमिष. आज बिस्किटाचा पुडा देणारा उद्या पोराचे नाव बदलणार. दुसरा म्हणतो, जिथे कोणी पोहोचले नाही तिथे हे तरी पोहोचले, मग हेतू कशाला तपासायचा? मला दोन्ही मते मान्य नाहीत. सुरतेत राहून तर ती मान्य होऊच नयेत.

लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी १८१५ साली सुरतेत आले ते धर्मप्रसारासाठीच. पण त्यांनी गुजराती आत्मसात केली, शाळा काढल्या, छापखाना घातला. १८२१ साली गुजराती नवा करार छापून निघाला, आणि त्याच वर्षी स्किनर वारले. फायवी पुढेही कितीतरी वर्षे इथे राहिले. १८४०च्या दशकात हे काम आयर्लंडच्या प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. त्या मिशनचे पहिले दोघे १८४१मध्ये काठेवाडात उतरले. त्यांतले अलेक्झांडर कर काही महिन्यांतच राजकोटला मरण पावले. पुढे याच मिशनच्या जोसेफ टेलर यांनी १८६७ साली गुजरातीचे व्याकरण लिहिले. एवढ्या खटपटीनंतर सुरतेत ख्रिस्ती झाले ते मोजकेच लोक. शिकले मात्र पुष्कळ, आणि बहुतेक आपापल्या धर्मात राहूनच शिकले. हे सगळे आमिष होते म्हणणाऱ्याने एवढा तरी हिशेब द्यावा.

आणि त्या वेळच्या सुरतकरांनी काय केले? दुर्गाराम मेहताजी आणि आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग, जे तेव्हा सुरतेत शिक्षक होते, यांनी १८४४ साली मानवधर्म सभा स्थापन केली. मिशनरी आपल्या जातिभेदावर, मंत्रतंत्रावर बोट ठेवत होते. या मंडळींनी तोच विषय आपल्या सभेत घेतला, जातीविरुद्ध बोलले, मांत्रिकांना उघड आव्हान दिले. दादोबांनी पुढे १८४९मध्ये मुंबईत परमहंस सभा काढली. टीका पचवून आपले घर दुरुस्त करण्याची ही हिंमत मला आजच्या आरडाओरड्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आक्षेपात तथ्यच नाही असे मी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, यावरून १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा राग खोटा नव्हता. उपाशी माणसाची संमती मोकळी नसते, म्हणून जिथे अन्न वाटले जाते तिथे उपदेश नको, हे मला पूर्ण पटते. आमिषाविरुद्ध गुजरातेत २००३ पासून कायदाही आहे. पण छप्पनिया दुष्काळात गुजरातेत उपासमारीने माणसे मरत होती तेव्हा याच रमाबाईंनी इथल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला नेले आणि वर्षानुवर्षे सांभाळले. त्यांना वाचवायला दुसरे कोण किती आले, हेही आक्षेप घेणाऱ्याने विचारावे.

आता दुसऱ्या मताकडे येतो. त्याचा मला अधिक राग आहे, कारण ते गोड आहे. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे राहतात. बाप लूमवर बारा तासांची पाळी करतो. आई घरी बसून साड्यांना टिकी लावते, लेस लावते, नगावर पैसे मिळवते. पोर घरात अहिराणी बोलते, महापालिकेच्या मराठी शाळेत प्रमाण मराठी वाचते, गल्लीत हिंदी आणि गुजराती. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नसराईला कुटुंब गावी गेले की शाळा उघडली तरी परतत नाही. वाचन मागे पडते, मग लाज वाटते, मग शाळा सुटते. या पोराला हवे आहे कोण? त्याची गैरहजेरी ओळखणारे, आईला ‘ताई, पोराला पाठवा’ म्हणून चार वेळा दारात येणारे माणूस. यांतली एकही भाषा न येणारा पाहुणा पंधरा दिवसांत हे कसे करणार? पोर त्याला बिलगते, फोटो निघतो, पाहुणा जातो आणि पुढच्या वर्षी दुसरा येतो. अनाथालयांत तर हे अधिकच घातक, कारण जगभरच्या अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असतात. भेट देणाऱ्यांसाठी मुले ठेवण्यापेक्षा तोच पैसा त्या आईच्या भाड्याला, रेशनला लावला तर मूल घरी राहील.

हेतू शुद्ध असेल, मी तो मानतो. पण सेवा कोणाच्या सोयीने चालते हा प्रश्न त्याने सुटत नाही. फायवी इथे मुक्कामाला होते, म्हणून लोकांना त्यांच्याशी भांडता आले. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला कोणी जाब विचारू शकत नाही.

हाच जाब आपल्यालाही द्यावा लागेल. जूनमध्ये वह्या वाटून बॅनरवर फोटो छापणारे आपले दाते पुढे वर्षभर कुठे असतात? परदेशी मंडळींना माझे सांगणे आहे की, तिकिटांचे पैसे वस्तीतच राहणाऱ्या, मराठी आणि अहिराणी बोलणाऱ्या एखाद्या शिक्षिकेच्या पगाराला द्या, तिच्यावर धर्माची अट घालू नका, आणि तिच्याकडून फोटो मागू नका. लिंबायतच्या गणेश मंडळांना सांगणे आहे की, वर्गणीतला एक वाटा काढून रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालवा, आणि आखाजीनंतर जी मुले परतली नाहीत त्यांच्या गावी फोन करा.